पफिन बुडवताना

शनिवारी काउरीचे दोन मित्र मुक्कामाला येणार,
म्हणून दुलईच्या खोळीवरचे पफिन नकोत.
तेरा पूर्ण झालीत त्याला.
नवी घे, असं म्हणाला नाही,
मासळीच्या कारखान्यातला माझा पगार त्याला पाठ आहे.
"रंगव. गडद निळी," एवढंच म्हणाला,
आणि दार लावून घेतलं.

आईचं मोठं पातेलं काढलं,
ज्यात ती मेंढीच्या रक्ताचे सॉसेज शिजवायची.
आता त्यात पुन्हा काही शिजणार नाही.
हुसाविकच्या नळाला गरम पाणी जमिनीखालून येतं,
अंड्याच्या वासाचं. त्यात दोन वाट्या मीठ,
मग रंगाची पुडी.
तासभर ढवळा, थांबू नका, पुडीवर लिहिलेलं.
आणि खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत:
नक्षी जात नाही. फक्त खोल जाते.

स्कीच्या मोडक्या काठीनं ढवळत राहिले.
खोळीत हवा भरायची, एकेक पफिन फुगून वर यायचा,
नारिंगी चोच आधी.
मी दाबायची. तो पलीकडून यायचा.
यांना नावं होती एके काळी.
छपाईत एक डोळा राहून गेलेला, तो कप्तान.
त्याला 'शुभ रात्री' म्हटल्याशिवाय
दिवा मालवू द्यायचा नाही पोरगा.

रात्री बल्बखाली निळी दिसली.
सकाळी सातला, म्हणजे रात्रच, काळी.
खरा रंग पाहायला उजेड हवा,
आणि जानेवारीत उजेड येतो
तेव्हा मी पट्ट्यासमोर कॉड सोलत असते.
"नखांना काय झालं?" दानुतानं विचारलं. "थंडी?"
हो म्हटलं.

जेवणाच्या सुट्टीत धावत घरी आले.
ना गडद, ना निळी.
शिंपल्याच्या आत असतो तसला काहीतरी रंग.
मग लेबल वाचलं, जे आधी वाचायचं असतं:
निम्मं सूत, निम्मं पॉलिएस्टर.
सूत प्यायलं तेवढं प्यायलं.
शिवण तर पांढरीशुभ्र, हट्टी,
आणि सगळे पफिन जागच्या जागी,
चोची तपकिरी, धुक्यात उभे असल्यासारखे.

काउरीनं पाहिलं. "चालेल," म्हणाला.
चालेल म्हणजे काय, ते मला अजून उमगायचंय.

शनिवारी रात्री मी पातेलं घासत होते,
कडेची निळी रेघ काही निघेना.
भिंतीपलीकडे कुणीतरी विचारलं,
"हे पक्षी आहेत का रे?"
थोडा वेळ कुणीच बोललं नाही.
मग काउरीचा, नुकता फुटलेला आवाज,
"हा कप्तान" म्हणाला, की दुसरंच काही;
नळ चालू होता.