आधी कंदील

हरिपूरच्या वाटेला, चिंचांच्या रांगेपलीकडे
जमिनीच्या पोटात पेवं आहेत.
वरून पाहिलं तर काहीच नाही,
एक झाकण, झाकणावर माती, मातीवर शेळ्या.
खाली दोनशे पोती हळद.
एक वर्ष जातं, दुसरं जातं,
किडा लागत नाही, वास मरत नाही.
पाप असंच ठेवलं होतं मी.

मी इलिशा आवळे, सांगलीच्या यार्डात तोलार,
एकोणीस वर्षं.
मापाच्या पारड्याला खालून बोटभर शिसं,
मेणानं डकवलेलं.
पोत्यामागं सातशे ग्रॅम. एवढंसं तर.
शेठ म्हणायचा, काटा बोलेल ते खरं,
आणि काटा माझ्या बोलीत बोलायचा.

लोक पापाला काळं म्हणतात.
माझं पिवळं.
नखांत, तळहाताच्या रेघांत,
कॉलरच्या आतल्या बाजूला.
प्रभुभोजनाच्या रविवारी रूथ
घासणीनं माझे हात घासून द्यायची,
तरी भाकरीच्या तुकड्यावर ठसा उमटायचाच.
मी पटकन तोंडात टाकायचो,
पुरावा गिळावा तसा.

तसं सगळं पाठ होतं मला.
सातव्या वर्षी संडे स्कूलात बक्षीस, दोन पेन्सिली.
तारण, कृपा, पश्चात्ताप,
शुद्धलेखनात एकही चूक नाही.

त्या साली भाव चढला आणि पेव फोडायचं ठरलं.
झाकण काढून रात्रभर उघडं ठेवलं.
तरी लगेच उतरायचं नसतं.
आधी दोरीला कंदील.
अंतू हमाल हात हात दोरी सोडत गेला.
ज्योत बारीक झाली, निळी झाली, विझली.
वर ओढला, पेटवला, सोडला. पुन्हा विझला.
"दम धर," अंतू म्हणाला,
"उजेड तगत नाही तिथं माणूस उतरवत नसतात."

मी काठावर उकिडवा बसलो.
इतकी वर्षं देवाला सांगत आलो होतो,
थांब, मी वर येतो,
हातपाय धुतो, मग बघ माझ्याकडं.
आणि इथं दोरीला बांधलेला उजेड
विझायचं ठाऊक असून खाली जात होता,
माझ्याआधी,
मी ज्या हवेत इतकी वर्षं श्वास घेत होतो त्या हवेत.
तिसऱ्या खेपेला तो तगला.
तळाची हळद दिसली, सोन्यासारखी वगैरे नाही,
हळदीसारखी.
वधस्तंभ मला पाठ होता.
कळला त्या दिवशी.

शिसं मी कृष्णेत टाकलं नाही.
टाकलं असतं तर गोष्ट बरी दिसली असती.
खिशात घातलं आणि एसटीनं कवठेपिरानला गेलो,
ताराक्का मगदुमांच्या घरी.
ओसरीवर शिसं ठेवलं, शेजारी पैसे,
आणि वहीच्या कागदावर हिशोब.
ताराक्कांनी पैसे दोनदा मोजले.
शिसं तळव्यावर घेऊन जरा खालीवर केलं.
"ठाऊक होतं मला. म्हणून तर दर पोत्यात
चार मुठी जादा घालत होते.
दर हंगामाला कोण भांडणार तुझ्याशी?"
मग आत गेल्या. चहा आला, साखर कमी.
माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत.
मीही विचारलं नाही.
बशी मात्र धुऊन ठेवली मी, आडावर.

अजून अकरा घरं उरलीत.
शेठनं त्याच दिवशी हिशोब चुकता केला,
आता अंतूच्या टोळीत पोती वाहतो.
रूथ कधी बोलते, कधी दोन दोन दिवस नाही.
सुटका म्हणजे हलकं होणं, असं वाटायचं मला.
पोतं पाठीवर घेतलं की आता
शंभराचं शंभर किलो लागतं,
एक ग्रॅम कमी नाही,
आणि तेच बरं वाटतं, का ते सांगता येत नाही.

गेल्या रविवारी पाळकांनी थाळी पुढं केली.
हात पिवळेच होते, रूथनं घासले नव्हते.
तुकड्यावर अंगठा उमटला, अख्खा, रेघांसकट.
पाळकांनी पाहिला. मी पाहिला.
मग सावकाश, चावून खाल्ला.