एक लिटर श्वास

पहाटे चार. काचेवर बर्फाचं पातळ कातडं.
यंत्र माझ्याआधी गारठलेलं असतं,
त्याला कोटाच्या आत घेऊन ऊब द्यावी लागते,
अपुऱ्या दिवसांच्या कोकराला देतात तशी.
मग नळीला तोंड लावायचं
आणि फुंकायचं, एका दमात, ते पुरे म्हणेपर्यंत.
हिरवा दिवा लागला तर गाडी माझी.

लिटर म्हणजे दूध, एवढंच मला ठाऊक होतं.
सहाशे गाई, दिवसातून दोनदा, टाकीवरचा काटा.
श्वासही लिटरवर मोजतात
हे एका शुक्रवारी रात्री रस्त्याच्या कडेला कळलं,
कॉन्स्टेबलच्या बॅटरीच्या उजेडात.
लिटरमागे आठशे सत्तर मायक्रोग्रॅम.
मर्यादा अडीचशेची.
'तुम्ही तिपटीहून जास्त आहात, मिसेस टुलोक,'
आणि मला वाटलं, हा माझ्या वजनाबद्दल बोलतोय.
हसले मी.
ते हसणंही त्याने लिहून घेतलं.

त्याआधी सात मिनिटं
मी वॉटी डन्समुअरची पत्रपेटी पाडली होती,
दुधाच्या जुन्या कॅनची, त्याने हाताने रंगवलेली.
मला वाटलं, खड्डा असेल.
पेटीच्या जागी कुणी उभं असतं तर,
हे न्यायाधीशबाईंनी विचारलं नाही.
त्यांच्याकडे कलमं होती.

इन्व्हरकार्गिलचं कोर्ट, हीटर बंद.
नऊशे डॉलर दंड. अठ्ठावीस दिवस गाडीला हात नाही.
मग बारा महिने हे यंत्र, भाडं माझ्याच खिशातून.
मग तीन वर्षं असं लायसन
ज्यात थेंबालाही जागा नाही,
खोकल्याचं औषधसुद्धा लेबल वाचून.
वाचताना बाई जांभई दाबत होत्या.
माझ्याआधी चौघं होती, माझ्यामागे सहा.
मला वाटलं होतं, माझ्यासाठी निदान
आवाज तरी चढवतील.

ते अठ्ठावीस दिवस
गोठ्यावरचा नवा पोरगा मला न्यायचा-आणायचा.
मी बसले की रेडिओ बंद करायचा,
आजारी माणसाला नेतात तसा.

दुधाने पोळलेलं तोंड ताकही फुंकून पितं.
मी गाडी फुंकून सुरू करते.
ईस्टरला यीस्टचा गोड पाव खाल्ला
तर यंत्राने ओळखच दाखवली नाही.
अंगणात उभी राहून चुळा भरत होते
आणि तिकडे गाई हंबरत होत्या, सड तटतटलेले.

एल्स्पेथ नऊ वर्षांची.
शाळेला उशीर झाला की मागच्या सीटवरून पुढे झुकते:
'आई, आज मी फुंकते. माझा श्वास चांगला आहे.'
तसं केलं तर तो वेगळा गुन्हा, त्याची वेगळी शिक्षा,
हे तिला समजावून सांगता येतं.
बाकीचं नाही.
तिचा गुडघा फुटला की मी अजून फुंकर घालते.
ती डोळे मिटून घेते,
नाक मात्र जागं ठेवते.

चालत्या गाडीतही ते मध्येच किंचाळतं,
थांब, पुन्हा फुंक, पुन्हा सिद्ध कर.
आज परतीच्या वाटेवर, नेमकं वॉटीच्या फाटकाशी.
भरपाई नको म्हणाला होता तो.
कॅन ठोकून सरळ केला, लाल रंगाचा हात दिला,
फक्त खांब रोवला
रस्त्यापासून दोन हात आत.

कडेला घेऊन मी नळी तोंडात धरली.
तो वर्तमानपत्र न्यायला आलेला, बुटांच्या नाड्या सुटलेल्या,
माझे फुगलेले गाल बघत राहिला.
मग इथे सगळे करतात तसं
एक बोट वर उचललं.

दिवा अजून पिवळाच होता.