कातरणी

सेफेरिनो, ती पेनड्राइव्ह उपटू नकोस.
फाइली अजून तिच्यातच आहेत;
पडद्यावर दिसतात त्या नुसत्या पाट्या, दुकान तिकडे.
एल्विरा इबान्येसने घाईत काढली,
तर तिच्या लेकीचा पंधराव्या वाढदिवसाचा नाच
लाल चौकोन होऊन बसला.
आधी सगळं या डिस्कवर उतरव. मग दुसऱ्या डिस्कवर.
दुसरी मावशीकडे ठेव, वरच्या आळीत, नदीपासून लांब.
हसतोस काय? मी या नदीला ओळखते.

आणि ही नावं?
"व्हिडिओ नवा", "व्हिडिओ शेवटचा", "व्हिडिओ खरंच शेवटचा".
तारीख लिही, जागा लिही, माणूस लिही.
बारा नोव्हेंबर, शेड, मामा. पुरे.

एकोणीस तास आणलेस.
मामाचा शेवटचा हंगाम; मार्चमध्ये मेंढरं दुसऱ्याची.
आणि घरच्यांना हवीत बारा मिनिटं,
रविवारी, चहा आणि काळा केक यांच्या मधोमध.

आधी नुसतं बघ. काहीही न कापता.
येर्बाचा पेला तोंडाशी नेता नेता हात जिथे थांबेल
तिथलं मिनिट वहीत टीप.

मग काप. कसं, ते मी काय सांगू,
मी, एलुनेद प्यू, पन्नाशीत माउस धरायला शिकलेली?
तिसरी फाइल लाव, चौदावं मिनिट.
मेंढी मांडीत, पोटापासून सुरुवात, लांब फटकारा,
त्याच जागेवरून यंत्र दुसऱ्यांदा नाही.
लोकर अख्खी उतरते, गोधडीसारखी,
कातडीवर ओरखडा नाही.
मेंढीला कातरणं, चित्रालाही कातरणंच.
हात हलता असताना काप.
मामा वाकतोय, इथे तोड;
पुढच्या चित्रात त्याला सरळ होऊ दे.
मधलं वाकणं बघणाऱ्याचे डोळे पुरं करतात.

त्या खणाला मात्र हात लावू नकोस,
जिथे पानं उलटतात, चौकोन गरगरतात,
चित्र हृदयाच्या आकारात मिटतं.
मी लावलाय. ग्विलिम आणि सोरायदाच्या लग्नात
चौतीस हृदयं आहेत,
आता ते रस्त्यात एकमेकांना ओळख देत नाहीत.
हृदयांचा दोष नव्हे म्हणा.
पण तरी.

आता वारा.
ही घरघर कशी काढायची, विचारलंस ना?
ही खूण दाब. तळातले आवाज उतरव. गेला. ऐक.
यंत्राची गुणगुण, मामाचा श्वास,
फळ्यांवर कुत्र्याची नखं.
किती स्वच्छ!
आणि तू खुर्चीत मागे सरकलास:
"ही आमची शेड नाही."

नाहीच. म्हणून सगळा काढायचा नाही.
पट्टी अर्ध्यावर आण. अजून थोडी वर.
मामा बोलेल तेव्हा वारा खाली,
बोलणं संपलं की येऊ दे आत,
दारात ताटकळलेला पाहुणा येतो तसा.

मामा बोलतोच किती?
मी मोजलंय, एकोणीस तासांत चार वाक्यं.
"ही म्हातारी लाथ मारते." हे एक.
"तो कॅमेरा ठेव, इकडे ये, धर हिला." हे दुसरं.
त्यानंतर चित्र वाकडं, खांबाला टेकलेलं,
अर्ध्यात छप्पर, अर्ध्यात बूट,
आणि मधे तू, घाबरलेला,
तुझ्या मुठीवर त्याची मूठ, यंत्र दोघांचं.
सहा मिनिटं.
वहीत तू त्यावर काट मारलीस. "माझी चूक," लिहिलंस.

चौकट सरळ करता येते, ही खूण, सात अंश.
करू नकोस.
पुढून दहा सेकंद सोड, मागून सोड,
बाकीचं राहू दे.
इथे संगीत नको.

झालं. आता पूर्ण फाइल बनायला रात्र लागेल.
यंत्र झोपणार नाही असं सेटिंग कर, झाकण उघडं ठेव,
चार्जर नीट खोच, वाऱ्याने वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून.
मूळ फाइली पुसू नकोस. सुट्या तुकड्यांची फाइलसुद्धा.
तुझ्या आईला काहीतरी बदलून हवं असणारच.

जा आता. मावशीकडे डिस्क दिलीस की फोन कर.
नाही, दिल्यावर कर. देणार आहेस तेव्हा नाही.