मेंढरांतून

येरळवाडीच्या तलावाकाठी, पौषात,
पाणी मागं सरलंय, गाळपेरात हरभरा उगवलाय.
हरभऱ्यात पट्टकादंब. साठ असतील, बासष्ट असतील,
लांबून नक्की होत नाही.
त्यातल्या एकाची मान कायम वर.

तीन सकाळी मी हरलो.
पहिल्या दिवशी पांढरा सदरा.
दुसऱ्या दिवशी टिटवी,
चुगली केल्याशिवाय जिचा दिवस उजाडत नाही.
तिसऱ्या दिवशी काहीच नाही. नुसता मी.
दोनशे पावलांवरूनच उठले
आणि पाण्याच्या मधोमध जाऊन बसले, पाठ करून.

धुळा बंडगर बांधावर विडी ओढत बघत होता.
"तुमी सरळ जाताय," म्हणाला.
"सरळ फकस्त लांडगा जातो. न्हायतर तलाठी."

चौथ्या सकाळी त्यानं घोंगडं दिलं.
धूर, लोकर, आंबलेलं ताक.
"ओणवं व्हा. मेंढराच्या कुशीला कूस लावा.
आन् त्येंच्याकडं बघू नगा. नजर टोचती."

मग निघालो. चालणं नव्हेच ते.
चार पावलं, थांबा, एक काडी,
विनाकारण डावीकडं.
एक खोकलं की सगळ्यांनी थांबायचं.
सराटे तळहातात शिरले,
काढले नाहीत.
मेंढराला हात नसतात.

बघायचं नाही म्हणून ऐकत गेलो.
आधी लांबची कुजबुज,
मग कोवळा पाला तुटताना टच्, टच्,
मग अगदी कानाशी
एका पंखाची घडी मोडून पुन्हा बसली.

तेवढ्यात बांधावरून शीळ.
धुळाची भाकरीची वेळ झाली होती.
मेंढरं वळली, सगळी, एकदम,
आणि हरभऱ्यात मी उरलो
चार पायांवर, कुणाच्याच कळपातला नाही.

मान वर करावीच लागली.
सात हातांवर तो पहारेकरी.
पांढऱ्या डोक्यामागं दोन काळे पट्टे,
घाईत ओढल्यासारखे.
तपकिरी डोळा.
त्यात आभाळ, बांध, आणि एक काळा ढिगारा.

ओरडला नाही तो.
दोन पावलं बाजूला झाला,
आजारी जनावराला वाट द्यावी तसा,
आणि मान खाली घालून चरू लागला.

कॅमेरा घोंगड्याच्या आत, छातीला रुतत होता.
तो तिथंच राहिला.

दुपारी धुळानं विचारलं, "किती भरले?"
मोजायचं राहूनच गेलं होतं.
मी तळहात उघडला,
एकेक काटा उपसत गेलो
आणि सांगितलं, अकरा.