शब्दमर्यादा तीनशे

तीनशे बारा झालेत.
बारा शब्द काढायचे, आणि दुपारी चारपर्यंत वेळ आहे.
मुदत तशी कालच्या मध्यरात्रीची,
पण ती मध्यरात्र पृथ्वीवरच्या सगळ्यात मागे राहिलेल्या घड्याळाची.
कुठल्याशा निर्मनुष्य बेटावर तारीख बदलेपर्यंत
समिती थांबते.
सोहारमध्ये तोवर दुसरा दिवस कलायला लागतो,
ऑगस्ट काचेला बाहेरून घाम आणतो,
आणि मी कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात
एका खिडकीत सुरमईच्या खोक्यांचा हिशेब
दुसरीत क्रियापदांचा
असं उघडून बसलेली असते.

नाव काढा, असा नियम आहे.
संस्थेचं नाव काढा. (संस्था नाहीच. ते सोपं गेलं.)
फाइलच्या पोटातलंही काढा.
पोटात पाहिलं तर लेखक म्हणून
अल-शिराअ फ्रोझन फूड्स.
तेही पुसलं.

वक्ता सतरा म्हणजे शमसुल.
नोआखालीचा. अकरा वर्षं मासळीबाजारात,
सुरी चालवता चालवता बोलणारा.
संमतीपत्र पुढे केलं तेव्हा म्हणाला,
'अना इसिम फी?'
माझं नाव असणार ना त्यात?
मी म्हटलं, मा फी.
का नाही, हे सांगण्याइतकी त्याची भाषा
मला बोलता येत नाही,
मी फक्त तिच्यावर लिहिते.
'मा फी मुश्किल,' म्हणाला,
आणि सही केली ती बापाच्या नावासकट,
चौकटीच्या पार बाहेर जाणारी.

गेल्या वर्षी एका परीक्षकाने लिहिलं होतं:
सामग्री रंजक आहे, पण ही भाषा की चुकांचा ढीग?
चुकलेल्या वाक्याला आमच्यात चांदणी लावतात,
वाक्याच्या कपाळावर, छोटीशी.
शमसुलची एकेचाळीस वाक्यं आहेत माझ्याकडे.
एकालाही लावलेली नाही.

उदाहरण तीन:

    मॅडम    फी    बेत?
    बाई    असणे    घर

खाली तिसऱ्या ओळीत अर्थ द्यायचा.
अर्थ दोन आहेत.
बाई घरी आहेत का?
बाई, तुम्हाला घर आहे का?
फोनवर त्याच्या अर्ध्या बांधलेल्या घराचे फोटो होते,
विटा, सळया, जिन्यावर उभा मुलगा,
आणि समोर खुर्चीत मीच होते,
म्हणजे पहिला अर्थ बाद.
तरी पेपरात पहिलाच घेतला.
दुसरा कंसात होता, पाच शब्दांचा.
आत्ता तो कंस गेला.
उरले सात.

'आम्ही असे दाखवतो की' इथे अडते दरवेळी.
इंग्रजीला एकच 'वी' पुरतो.
मनात मात्र मराठी विचारत बसते:
आम्ही, की आपण?
ऐकणाऱ्याला धरून, की वगळून?
आणि बाई, तू तर एकटीच आहेस.

'बर्फात हात घालून' काढलं. तीन.
'रात्रपाळीनंतर' काढलं. इंग्रजीत तेही तीन.
राहिला एक.
'फार' होता कुठेतरी, 'फार गुंतागुंतीची रचना'.
फार गेलं.

तीन बावन्नला पाठवलं.
उत्तर लगेच आलं, यंत्राचं: आपला क्रमांक दोनशे चार.
निवड झालीच तर व्हिसा, तिकीट, रजा,
मुदीरसमोर उभं राहून सांगायचं
की भाषेसाठी जायचंय. कुठल्या भाषेत सांगणार,
ते नंतर बघू.

संध्याकाळी बाजारात गेले.
गाडीतून उतरताच चष्मा धुक्याने भरला,
तो पुसेपर्यंत आवाजच आधी आला:
'मॅडम, वरका खलास?'
कागद झाला का पाठवून?
खलास, मी म्हटलं.
आमच्याकडे ह्या शब्दाने माणूसही संपतो,
इथे नुसतं काम संपतं.
'फी फुलूस?'
मा फी.
तो इतका हसला की शेजारच्या ठेल्यावरचा
कुंजुमोन वळून बघायला लागला.
मग एक बांगडा जास्तीचा टाकला पिशवीत,
काट्यावर न ठेवता.

गाठ मारता मारता पुन्हा विचारलं त्याने,
इसिम?