दोन कळांमधलं अंतर

बदली होऊन मनोरीला आले तेव्हा
मार्व्याच्या तरीवर माझ्या पेटीचंही तिकीट मागितलं,
आणि मागून कुणी ओरडलं,
"नर्स हाय ती. रेमेदबाईची मानूस. सोड तिला."
मी अजून तिला पाहिलंही नव्हतं.

रेमेदीन मुर्झेल.
तेव्हाच साठीपार, कागदोपत्री निवृत्त.
लाल चौकड्याचं लुगडं, वर सरकारी पांढरा कोट,
कोटाच्या खिशात कात्री, तपकिरीची डबी
आणि जपमाळ.
माळेतले तीन मणी कधीचे हरवलेले,
तिथं जाळ्याच्या दोऱ्याच्या गाठी.

पहिल्याच रात्री कोळीवाड्यातून बोलावणं.
मी मनगटाकडे बघत कळा मोजत होते.
तिनं माझा हात खाली केला.
"घड्याल भिजतं गो पोरी. नमो मरिया भिजं नाय."
दोन कळांमध्ये पंधरा बसल्या तर चहा प्यायचा.
आठ बसल्या तर पाणी उकळायचं.
तीनच बसल्या तर होडीचा विचार सोडायचा,
जे काय व्हायचं ते इथंच, या चटईवर.

मी बुलढाण्याची. घरी रोज बुद्धवंदना.
ती प्रार्थना मला पाठ झाली ती अशी,
अर्थाआधी लांबी.

दवाखान्यात खाऱ्या हवेनं फुगलेल्या सात वह्या.
आईचं नाव, बापाचं, बाळाचं वजन,
आणि शेवटी तिनंच पट्टीनं आखलेला रकाना:
भरती की ओहोटी.
ओहोटीला होडी चिखलात बसते,
अडलेली बाई मग घरातच अडून राहते.
तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं होतं,
ही अंधश्रद्धा कशाला?
ती म्हणाली, सायेब, येकदा ओहोटीला या.

चौसष्ट सालचं एक पान.
गोमती, मुलगा. नावाचा रकाना कोरा.
निळाच आला तो, रडलाच नाही.
पाद्रीबाबांनी नंतर तिला विचारलं,
डोक्यावर पाणी घातलंस का?
"आयेला इचारलं मी. ती बोलली, नको.
मंग नुसतं आंग धुतलं त्याचं. कोमट पान्यानं."
पाद्रीबाबा बराच वेळ गप्प बसले,
मग म्हणाले, कोमट होतं ना?

दोन नोव्हेंबरला ती दफनभूमीत मेणबत्त्या लावायची.
आईबापाला, नवऱ्याला, धाकट्या दिराला,
आणि भिंतीलगत, जिथं कुणालाच पुरलेलं नाही,
अकरा.
मी कधी विचारलं नाही.
वह्या माझ्याच ताब्यात होत्या.

गेल्या फेब्रुवारीत अंथरूण धरलं. अठ्ठ्याऐंशी.
पुतण्या म्हणाला, मालाडला हलवू, बोट सांगून ठेवलीय.
तिनं डोळे न उघडता विचारलं, भरती का ओहोटी?
ओहोटी.
"मंग ऱ्हाऊ दे," म्हणाली, आणि
मला वाटतं, हसली.

खोलीत माणसं मावेनात.
बहुतेकांची नाळ तिनंच कापलेली:
एक पोलीस, एक हातभट्टीवाला, एक मठातली सिस्टर.
आत लादीन चाललेलं,
दारात कोळणी, तोंडाला पदर लावून.
मी तिच्या छातीकडे बघत बसले.
हातात घड्याळ होतं. न भिजणारं.

दोन श्वासांमध्ये दोन बसल्या.
मग पाच.
मग बराच वेळ पाचच.
मग नऊ.
पंधराच्या पुढे थांबायला हवं होतं,
इतकी वर्षं नर्स आहे, कळत होतं मला.
मोजत राहिले.

जन्माच्या वहीत मरणाची नोंद करत नाहीत.
केली.
शेवटच्या रकान्यासाठी खाडीवर जाऊन बघावं लागलं.
पाणी वळलं होतं, पण अजून चिखल दिसत होता,
कुठलं नाव द्यावं अशी ती वेळ नव्हती.
उभी होते तेवढ्यात
पहिल्या तरीनं लसींची पेटी आली.
बर्फ अर्धा वितळलेला.
सोळा बाळं येणार होती दहा वाजता.