कोणाचा दिवा कोणता

कोपरखैरणे, सेक्टर सात, बैठं घर,
वरचा माळा आम्ही मागाहून चढवलेला.
टेबलावर चार कंट्रोलर, चार घराण्यांचे.
एक वाशीहून नवाकोरा आणलेला,
दोन तुर्भ्याच्या भंगारातून, वजनावर,
एक दर्पणचा, खालच्या गल्लीतून उसना.
पाचवा मोडका. तो मोजायचा नाही.

पहिला खेळाडू म्हणजे
एकाच्या लेखी डावीकडून पहिला दिवा.
दुसऱ्याच्या लेखी पाचांतला मधला,
कपाळावर टिकली असावी तसा.
तिसरा गोलाचा वरचा डावा पाव तुकडा पेटवतो.
चौथा चारही दिवे मिचकावत बसतो,
आधी कुणीतरी मला ओळखा म्हणत.

ड्रायव्हरमध्ये नावं तर ज्यानं त्यानं घरची ठेवलेली:
कुणी 'हिरवा एक',
कुणी शून्यापासून मोजणारा,
कुणी नुसताच 'दिवा',
जणू जगात दुसरा लागलाच नाही कधी.

तीन रात्री मी एकच नियम लिहितेय.
रंग नको, जागा नको, कंपनीचं आडनाव नको,
काम सांग.
खेळाडू-एक. खेळाडू-दोन.
लिहिताना वाटतं, हे इतकं सोपं
कुणाला आधी सुचलं कसं नाही,
आणि खिडकीबाहेर रिक्षावाला ओरडत असतो
तीन टाकी, तीन टाकी.
टाक्या काय करतात ते नावात नाहीच,
तरी माणसं बरोबर उतरतात.

बाबांना विचारलं.
मार्केटात बत्तीस वर्षं कांद्याची गोणी पाठीवर.
म्हणाले, टोळीला नंबर होता आमच्या,
पुकारला की सव्वीस जण एकदम वळायचो.
नंबर लागतोच गं.
नाहीतर हजेरी कुणाच्या खात्यावर पडायची?
मग पाठ खाजवायला दाराच्या चौकटीला टेकले.

कोडची राखण करणाऱ्या कुरियनसरांनी कळवलं,
नियम चांगला आहे, पण जुनी नावं काढू नकोस.
कुठेतरी कुणाचं तरी काहीतरी
त्या 'हिरवा एक'वर चालत असेल.
म्हणजे जुन्याला जुनं, नव्याला नवं.
सगळं एकसारखं करायला निघाले
आणि जगात आणखी एका नावाची भर घातली.

रविवारी चाचणी.
दर्पण, झैनब, मानस, वैदर्भी
आणि वैदर्भीच्या मागून रुंजी, वय पाच.
तिला नेहमीप्रमाणे मोडका दिला,
बॅटरी काढलेला.
आमच्याकडे याला लिंबूटिंबू म्हणतात.
खेळात असतो, राज्य त्याच्यावर येत नाही.

दिवे लागले. एक, दोन, तीन, चार,
चारही घराणी पहिल्यांदा एका सुरात.
'मी कोणता, मी कोणता' हा दर वेळचा कल्ला
झालाच नाही.
मी वहीत बरोबरची खूण केली.

तेव्हा रुंजीनं आपला कंट्रोलर उलटा केला, सुलटा केला,
बोटानं काच पुसली.
माझा कुठेय?

इतके दिवस ती पडद्यावर
जो पुढे पळेल तो आपला धरायची.
इतके दिवस ती जिंकतही होती.

रात्री मोडक्यात बॅटरी घातली.
गेम चारच मोजतो, त्याच्याशी माझं भांडण नाही.
पण दिवा गेमच्या हातात नसतो,
दिवा माझ्या हातात असतो.
सहा ओळी लिहिल्या, नियमात न बसणाऱ्या.
त्या फक्त या घरातल्या मशीनवर आहेत,
कुरियनसरांना पाठवलेल्या नाहीत, पाठवणारही नाही.

आता पाचांतला शेवटचा दिवा लागतो,
थोडा मंद, मोडक्याला जमेल तेवढा.
रुंजी तो सगळ्यांना दाखवते
आणि डावी कांडी जोरात दाबते.
पडद्यावर कोणीतरी पळतच असतं.